एका सीटची गाडी

कंपनीने पाच माणसांसाठी बनवलेली गाडी मी एका माणसाची करून दाखवली, आणि एवढं करायला मला अख्खं तारुण्य लागलं.

माझा धंदा कार ऑडिओचा. राहात्याला रोडवर दुकान आहे. गाड्यांत स्पीकर बसवतो, त्यांचे खोके स्वतः बनवतो, आता तर स्पीकरसुद्धा स्वतःच्या डिझाइनचे करतो. आमच्या भागात या कामाला नाव नाही. लोक मला 'टेपवाला' म्हणतात. (टेप जाऊन जमाना झाला, टेपवाला राहिला!) आयटीआय झाल्यावर वडील म्हणाले होते, "साखर कारखान्यात चिकटवतो तुला." मी म्हणालो, "मला आवाजात करिअर करायचंय." त्यांना वाटलं, पोरगं बँजो पार्टीत चाललं. ते शेवटपर्यंत पाहुण्यांना 'विलास इलेक्ट्रिकचं बघतो' एवढंच सांगत राहिले. ते गेले, आता घरात मी आणि आई.

माझी गाडी म्हणजे माझी जाहिरात. म्हणून मागची सीट काढून तिथे खोका बसवला. स्टेपनी काढून त्या खड्ड्यात बारा इंची सबवूफर बसवला, म्हणजे खर्जातला दणका देणारा मोठा स्पीकर. मग आलं ट्युनिंग. गाडीत उजवा स्पीकर ड्रायव्हरच्या गुडघ्याशी असतो आणि डावा लांब. जवळच्याचा आवाज किंचित अडवून धरायचा, म्हणजे दोन्ही आवाज कानात एकाच वेळी पोचतात. हे जमलं की गाणारी बाई थेट बॉनेटवर उभी राहून गाते! पण फक्त ड्रायव्हरसाठी. शेजारच्या सीटवर सगळा विचका. कार ऑडिओच्या स्पर्धा असतात, त्यांत जज ड्रायव्हरच्याच सीटवर बसतात, म्हणून मी त्या एका सीटपायी जीव काढला.

रोज दुकान बंद केलं की गाडी कॅनॉलच्या कडेला लावायची, काचा वर करायच्या आणि ऐकत बसायचं. एखाद्या दिवशी आवाज असा लागायचा की डोळ्यांत पाणी यायचं, आणि 'ऐकलंस का?' म्हणायला शेजारी कोणी नसायचं. खरं सांगतो, फार एकटं वाटायचं. मग मी ट्युनिंग अजून थोडं सुधारायचो.

छत्तिशी उलटली तेव्हा कोपरगावच्या मामांनी एक स्थळ आणलं. मुलगी शुभांगी, तिकडेच रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. आमच्याकडे मुलीकडची माणसं मुलाचं घर बघायला येतात, मुलगी येत नाही. ही म्हणाली, "राहायचंय मला, तर बघायला पण मीच येणार." मला ती तिथेच आवडली. हे जमावं म्हणून मी शनिवारी मारुतीला नारळ फोडला. (शिवाय ट्युनिंगही सुधारलं.)

पाहुणे यायच्या दिवशी मामांचा फोन. "विलास, तिघं एस्टीनं येत्यात. ष्टँडवर गाडी घिऊन जा. इम्प्रेशन पडतं."

"मामा, पण गाडीत..."

"पन बिन काय न्हाई! अन् गानं लाव चांगलं!" फोन बंद.

स्टँडवर शुभांगी, तिची आई आणि तिचे वडील अण्णा उभे. अण्णांनी मागचं दार उघडून आत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

"सीट कुठाय?"

"काढलीय. खोका बसवलाय."

"काय हाय खोक्यात?"

"काही नाही... हवा."

"हवेसाठी सीट काढली?" अण्णांनी मामांच्या भाच्याकडे, म्हणजे माझ्याकडे, खालपासून वरपर्यंत पाहिलं. (स्पीकरला पाठीमागे बंदिस्त हवा लागतेच. पण हे भावी सासऱ्याला स्टँडवर कसं समजावणार?) शेवटी मायलेकी रिक्षाने निघाल्या आणि अण्णा माझ्या शेजारी बसले. त्या सीटवर इतक्या दिवसांनी माणूस बसलेला पाहून मलाच अवघडल्यासारखं झालं.

मी गाणं लावलं. आलाप सुरू झाला. अण्णा वाकून डाव्या गुडघ्याकडे बघायला लागले.

"कसं वाटतंय?"

"बाई खाली बसलीय का?"

"अं?"

"गानारी हो. माझ्या गुडघ्यात गाती."

"तुमच्या सीटवर तसंच लागतं. माझ्याकडे ती समोर उभी आहे."

"म्हंजे तुमच्याकडं बाई, अन् माझ्याकडं गुडघा?"

आता काय करावं? मी घाबरून खर्ज वाढवला. नंबर प्लेट थरथरली, आरसा थरथरला, अण्णांची कवळी तालात वाजायला लागली. त्यांनी एका हाताने टोपी धरली आणि दुसऱ्याने तोंड. या दणदणाटात टायरची हवा गेलेली मला ऐकूच आली नाही! जो माणूस केसाएवढ्या फरकाचा आवाज ओळखतो म्हणून तालुक्यात मिरवतो, त्याला स्वतःचं पंक्चर कळलं नाही. गाडी एका बाजूला कलली तेव्हा आम्ही आमच्या वस्तीच्या रस्त्याला, दोन्हीकडे ऊस.

"काढा स्टेपनी," अण्णा म्हणाले.

"ती... काढलीय."

"मंग तिथं काय हाय?"

"सबवूफर."

"त्योच लावा चाकाला! गोलच हाय न्हवं?"

तेवढ्यात मागून मायलेकींची रिक्षा आली. अण्णा उतरले आणि रिक्षात जाऊन बसले. त्यांच्या मंडळींनी पदरात तोंड लपवलं. मला वाटलं, झालं, आटोपलं! पण शुभांगी खाली उतरली.

"मला ऐकायचंय," ती म्हणाली आणि सरळ ड्रायव्हरच्या सीटवर बसली. दार ओढून घेतलं. मी बाहेर, पंक्चर चाकाशी. आत गाणं सुरू झालं. तिने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग समोर काचेकडे पाहिलं आणि तशीच राहिली. हात मांडीवर, तोंड किंचित उघडं. थोड्या वेळाने काच खाली केली.

"अहो, खरंच समोर उभी आहे बाई!"

इतक्या वर्षांत जजनी मार्क दिले, गिऱ्हाइकांनी भाव विचारला, पण बाई दुसऱ्या कुणाला दिसली नव्हती. ती हसली, शेजारच्या सीटकडे हात केला आणि म्हणाली, "या ना, बसा. दोघं ऐकू."

एवढंच करायचं होतं. दार उघडायचं आणि बसायचं. आणि मी, गाढव, काय म्हणालो?

"नको! शेजारी माणूस बसलं की आवाज बिघडतो."

वर खिडकीत वाकून समजावूनही सांगितलं! माणसाचं अंग आवाज कसं शोषतं, कपड्यांनी किती फरक पडतो, रिकामी सीट कशी बरी. तिने सगळं नीट ऐकून घेतलं, "बरं," म्हणाली आणि रिक्षात जाऊन बसली. मी पंक्चरवाल्याची वाट बघत उसात उभा. घर बघायचा कार्यक्रम माझ्याशिवायच पार पडला. आईच्या हातचा शिरा सगळ्यांनी दोनदा घेतला म्हणे.

दोन दिवसांनी मामांचा फोन. "घर पसंत हाय. तुजी आई पसंत हाय. गाडीचा आवाज तर लईच पसंत हाय."

"मग?"

"पोरगी म्हनती, त्यांना शेजारी मानूस चालत न्हाई."

"मामा, मी आवाजाबद्दल बोललो होतो!"

"व्हय ना! तिनं बस म्हनलं, अन् तू आवाजाबद्दल बोलला!"

मला फार लागलं ते. मग मी चंग बांधला, गाडी दोन सीटची करायची. मागची सीट बसवली, स्टेपनी आणली. दोन्ही सीटला बाई समोर आणायची तर दोघांनाही थोडं थोडं सोडावं लागतं, हे मला तेव्हा कळलं. पण मोजमाप घेताना शेजारी कोणीतरी बसलेलं पाहिजे. आई म्हणाली, "मला कामं न्हाईत व्हय?" शेवटी ज्वारीचं पोतं उभं केलं. (गाडी पीपपीप करायला लागली म्हणून त्याला पट्टाही लावला.) साधारण एका माणसाइतका आवाज शोषतं ते. एके संध्याकाळी दोन्ही सीट जुळल्या! मी मामांना फोन लावला, "तिला सांगा, आता शेजारी बसता येतं!"

"तिचं जमलं रं. श्रीरामपूरला. पोराकडं मोटारसायकल हाय."

नंतर बरेच दिवस मी आणि पोतं कॅनॉलवर जात होतो. मी "ऐकलंस का?" म्हणायचो, आणि त्याची काही तक्रार नसायची. मग एक दिवस आई दुकानात आली. "इलास, पीठ संपलंय. ते पोतं उतरीव."

"आई, आवाज बिघडेल!"

"मंग आवाजाच्या भाकरी खा!"

पट्टा सोडला, पोतं खांद्यावर घेतलं आणि गिरणीत पोचवलं. गिरणीवाल्याने पोत्याचं तोंड सोडून ते धाडकन उपडं करायला घेतलं, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "जरा हळू हो, घरचं माणूस आहे!"