काटा बिघडला नव्हता

माझे चुलते कृष्णात चौगले सव्वीस वर्षं एका फौंड्रीच्या वजनकाट्यावर आहेत. आहेत म्हणजे होते. आता नाहीत, आणि का नाहीत ते सांगायलाच बसलेय, कारण आमच्या शिवाजी पेठेत सध्या ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच, "कृष्णातची गगनबावड्याला बदली झाली, मज्जा हाय की, थंड हवा." हे ऐकलं की माझं डोकंच फिरतं.

आधी काटा म्हणजे काय ते सांगते. फौंड्रीच्या गेटच्या आत जमिनीलगत एक लोखंडी प्लॅटफॉर्म आहे, त्यावर आख्खा ट्रक उभा राहतो. शेजारच्या खोलीत काका आणि त्यांचा कम्प्युटर. ट्रक रिकामा आला की वजन, भरून निघाला की परत वजन, मधला फरक म्हणजे माल. त्याची पावती निघते. कंपनी वर्षाला किती माल विकला म्हणून जगाला सांगते ना, ते सगळं शेवटी या पावतीवर उभं असतं. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. अंतर्गत नियंत्रण म्हणजे काय यावर मी सहा मुद्दे लिहून दहापैकी आठ मार्क घेतलेत. काकांनी तो शब्द आयुष्यात ऐकलेला नाही, पण डायव्हर केबिनमध्ये बसून राहिला तर ते खिडकीतून ओरडणार, "उतर खाली पावणं, तुझं वजन कंपनीनं इकत घेतलेलं न्हाय."

रोज सकाळी प्लॅटफॉर्मच्या कडेचे खडे, चिखल सगळं स्वतः काढणार. मग वीस-वीस किलोची वजनं ठेवून काटा तपासणार. घरीही तेच. शालूकाकी म्हणते, ह्यांच्यासंगं भाजीला जायाचं म्हंजे लाज. एकदा एका बाईला म्हणाले, मावशी, पारड्याखालचा बटाटा काढा आधी. काकी तिथनं जी निघाली ती सरळ घरी.

तर गेल्या वर्षी पाडवा ऐन तीस मार्चला आला होता. कंपनीला सुट्टी. काका ताटावर बसले होते, श्रीखंड वाढलं होतं, आणि विजयसिंह साहेबांचा फोन आला. हे फायनान्सचे साहेब. सगळ्यांशी फार गोड. काकांना तेही काकाच म्हणतात.

"काका, जरा यावं लागतंय. आपलंच घर हाय म्हणून सांगतोय."

काका गेले. त्या दिवशी पाच गाड्या भरून बाहेर पडल्या, दुसऱ्या दिवशी सकाळी चार. एकूण नऊ, प्रत्येकीत अठरा टनांच्या आसपास कास्टिंग, म्हणजे ओतीव लोखंडाचे भाग. सगळा माल एकाच व्यापाऱ्याच्या नावावर. काकांनी वजन केलं, पावत्या काढल्या. पाडव्यादिवशीच्या शेवटच्या गाडीचा डायव्हर वैतागलेला होता. म्हणाला, "काका, आज भरायचं आणि उद्या हितंच उतरवायचं, मग भरायचं कशाला? पाडवा आमचा बी हाय की."

काकांनी त्याच्या हातात पावती दिली. पण एकतीसच्या दुपारी कालचीच गाडी परत आली. तोच नंबर, तीच ताडपत्री. आणि ती काट्यावर न येता बाजूच्या कच्च्या वाटेनं आत निघाली. काका खोलीतून उठून सरळ गाडीपुढे जाऊन उभे राहिले. लगेच साहेबांचा फोन.

"काका, सोडा ती गाडी. आपलाच माल हाय."

"आपलाच हाय म्हणून तर वजन करून आत घेतोय, साहेब."

वजन केलं. जेवढं काल बाहेर गेलं होतं तेवढंच. कम्प्युटरमध्ये मालाचं नाव टाकायची जागा असते, तिथं काकांनी लिहिलं, "कास्टिंग, काल गेलेलं, परत." एक एप्रिलच्या संध्याकाळपर्यंत असं नऊ वेळा लिहिलं.

हे कशासाठी केलं असेल ते मला मागनं कळलं. कंपनी शेअर बाजारात आहे. यंदा विक्री एवढी होणार म्हणून आधीच सांगून बसले होते आणि तेवढी झाली नव्हती. एकतीस मार्चच्या आत जो माल गेटबाहेर पडला तो त्या वर्षाची विक्री. मग एक एप्रिलला तो गुपचूप घरी येऊ दे की, कागदावर विकलेलाच. लोक असले आकडे बघून शेअर घेतात. माझ्या मैत्रिणीच्या वडिलांनी घेतलेत.

एप्रिलमध्ये ऑडिटरच्या ऑफिसातून सौमित्र नावाचा मुलगा तपासायला आला. माझ्यापेक्षा फार तर दोन वर्षांनी मोठा. काकांनी त्याच्यासमोर दोन्ही फायली ठेवल्या, बाहेर गेलेल्यांची आणि आत आलेल्यांची. तो म्हणाला, "आतल्या नकोत काका, माझ्या लिस्टमध्ये फक्त बाहेरच्या आहेत." बाहेरच्या पावत्यांवर हिरव्या पेननं बरोबरच्या खुणा केल्या, चहा प्याला आणि गेला. दुसरी फाइल पूर्ण वेळ तिथंच टेबलावर होती. नुसता हात लांब करायचा होता त्यानं.

मे महिन्यात निकाल लागला. कंपनीची विक्री आजवरची सगळ्यात जास्त. कामगारांच्या घरी पेढ्यांचे बॉक्स. गोड म्हटलं की काका आधी पुढे, पण बॉक्सला हात लावला नाही. काकी म्हणाली, "पेढ्यानं काय घोडं मारलंय तुमचं?" तेव्हा मग सगळं बाहेर आलं.

मी तर उडालेच. म्हटलं, "तुम्ही त्या सौमित्रला सांगितलं का नाही?"

"इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"आणि नाही विचारलं तर?"

"माझं काम वजन करायचं. पावती हाय की फायलीत."

मी काकांवर ओरडले, खोटं कशाला सांगू. सव्वीस वर्षं माणूस एवढं नीट काम करतो आणि वरचे लोक ते बघतसुद्धा नाहीत, आणि हा माणूस वाट बघत बसतो कुणीतरी विचारेल म्हणून. दोन दिवस आम्ही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी ते स्वतःच वर माझ्या खोलीत आले. "कुठं लिवायचं असतंय ते?"

कंपनीच्या वेबसाइटवर अकरा पानांचं धोरण होतं. कुणालाही गैरप्रकार दिसला तर या ईमेलवर कळवा, तक्रार थेट लेखापरीक्षण समितीकडे जाईल, नाव गुप्त राहील, त्रास होणार नाही. इतकं छान लिहिलेलं की मला खरंच वाटलं. तरी मी म्हटलं, नाव नको घालूया. काकांना ते पटेना.

"नाव न्हाय तर बोलतंय कोण? उद्या त्यांनी इचारायचं कुणाला?"

मग नाव, कामगार नंबर, नऊ बाहेरच्या आणि नऊ आतल्या पावत्यांचे नंबर, प्रत्येकीचं वजन. काका सांगत गेले, मी टाइप करत गेले. बारा जूनला पाठवलं. सोळा तारखेला विजयसिंह साहेबांनी काकांना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर आमचं पत्र. प्रिंट काढलेलं. वर कुणीतरी लिहिलं होतं, "आपला अभिप्राय कळवावा."

आता सांगा. ज्याच्याबद्दल तक्रार त्यालाच अभिप्राय विचारतात. अकरा पानं. मी ती अकरा पानं वाचून विश्वास ठेवला याचा मला इतका राग आला की मी कॉलेजला गेलेच नाही त्या दिवशी.

साहेब ओरडले वगैरे नाहीत. उलट चहा मागवला. आणि एक टाइप केलेला कागद पुढे सरकवला. एकतीस मार्च आणि एक एप्रिल या दिवशी काटा नादुरुस्त होता, त्यामुळे आत येणाऱ्या गाड्यांच्या नऊ पावत्या चुकून निघाल्या. खाली काकांच्या सहीची जागा.

"सही करा काका, विषय संपला. दोनच वर्षं राहिलीत तुमची, काट्यावरच रिटायर व्हा. मोठ्या साहेबांशी बोललोय मी. न्हाईतर गगनबावड्याच्या गेस्ट हाऊसला माणूस पायजेच हाय आम्हाला."

काका कागद घेऊन घरी आले. संध्याकाळी सगळे बसलो. काकी म्हणाली, "करा की सही. यंत्रच हाय ते, बिघडत न्हाय व्हय कधी? मी बिघडते की."

मला एकदम सुचलं. एकतीस तारखेला सकाळी ज्या चार गाड्या बाहेर गेल्या त्याही याच काट्यावर मोजल्या होत्या. काटा त्या दिवशी बिघडला असेल तर त्या चार पावत्याही बाद, म्हणजे तेवढी विक्री बाद. मी म्हटलं, "काका, करा सही. त्यांचाच कागद त्यांच्या गळ्यात. मी हे ऑडिटरला दाखवते, बघा कसे नाचतात." मला वाटलं मी काय भारी शोधून काढलंय.

काकांनी कागद परत एकदा वाचला. मग म्हणाले, "पण काटा बिघडला नव्हता, अनू."

"मला माहितीये हो, पण."

"फेब्रुवारीत वजनमापेवाल्यांनी शिक्का मारलाय. भंगारवाला, कोळशावाला, सगळी माझ्या आकड्यावर पैसं घेत्यात. मी लिवून दिलं बिघडलाय, तर उद्या दारात येऊन इचारतील, कृष्णात, अजून कुठल्या कुठल्या दिवशी बिघडलता? काय सांगू?"

"मग काय, गगनबावड्याला जाणार?" काकीचा आवाज चढला. "गुडघं धरल्यात, त्या पावसात तिथं काय राखणार तुम्ही? खुर्च्या?"

काका म्हणाले, "खुर्च्या."

सकाळी गेले आणि साहेबांच्या टाइप केलेल्या मजकुराखाली निळ्या पेननं लिहून दिलं, काटा चालू होता, वजन बरोबर आहे, कृष्णात चौगले. साहेब म्हणाले, "काका, तुमच्यासारख्या माणसांनी कंपनी खड्ड्यात जाती." काका म्हणाले, "मी गाड्या मोजतोय साहेब. त्या कुठं जात्यात ते तुमच्याकडं." हे मला त्यांनी सांगितलं नाही, कॅन्टीनवाल्याकडून कळलं.

जुलैच्या एक तारखेला बदलीचं पत्र. आत आलेल्या गाड्यांच्या पावत्यांची फाइल काका तिथंच ठेवून आले. म्हटलं, फोटो तरी काढायचे. तर म्हणतात, फाइल कंपनीची हाय. त्यांनी बॅग घेऊन एस.टी. गाठली आणि मी त्याच दुपारी, कुणालाही न विचारता, आमचं जूनचं तक्रारीचं पत्र ऑडिटरच्या ऑफिसला पाठवून दिलं. उत्तर आलं नाही. सौमित्रनं वाचलं असेल का, माहीत नाही.

ऑगस्टमध्ये पेपरात कंपनीची तिमाही निकालाची जाहिरात आली. जाहिरात म्हणजे काय, कंपनीचं नाव आणि एक क्यूआर कोड. तो स्कॅन केला की इंग्रजीत एक फाइल उघडते, मोबाइलवर बोटांनी ओढून ओढून मोठं करावं लागतं असं बारीक. शेवटच्या पानावर टीप क्रमांक चार. मागील तिमाहीत विक्री म्हणून दाखवलेला १२९.७४ लाख रुपयांचा माल ग्राहकाकडून परत आल्याने तो या तिमाहीच्या विक्रीतून वजा केला आहे. बस. ग्राहकाकडून परत आला. जसं काही साडीचा रंग आवडला नाही. कुणी केलं, का केलं, कुणाची बदली झाली, काही नाही. विजयसिंह साहेब त्याच केबिनमध्ये आहेत.

तरी मी नाचत गगनबावड्याला गेले. छापलं ना शेवटी. गेस्ट हाऊसच्या व्हरांड्यात काका स्वेटर घालून बसले होते, मागच्या खुर्च्यांवर त्यांचे शर्ट पसरलेले, आठ दिवस वाळत घातलेले आणि न वाळलेले. आत कुणीही राहायला नव्हतं. मी टीप वाचून मराठीत सांगितली. म्हणाले, "आकडा परत सांग."

"एक कोटी एकोणतीस लाख चौऱ्याहत्तर हजार."

"टन किती ते न्हाय लिवलं?"

"नाही."

डोळे मिटून ओठ हलवत बसले. "किलोला एकशेवीसचा दर होता. एकशे आठ टन आणि वर शंभर-सव्वाशे किलो." डोळे उघडले. "ही सहा गाड्यांची टीप हाय, अनू. आल्यात्या नऊ. राहिलेल्या तीन कुठायत?"

मी म्हटलं, "काका, सहा काय आणि नऊ काय, कबूल केलं ना त्यांनी? आता अजून लिहिलं तर इथूनसुद्धा काढतील. काकी मला घरात घेणार नाही."

"तीन गाड्या म्हंजे चोपन्न टन. चोपन्न टन लोखंड काय उडून जातंय?"

मग बॅगेतून खिशात मावेल एवढी डायरी काढली, नऊ गाड्यांची वजनं टिपलेली. फाइल कंपनीची, पण डायरी त्यांची होती. या वेळी कंपनीच्या ईमेलवर नाही, शेअर बाजाराच्या तक्रारीच्या पोर्टलवर टाकायचं ठरलं. तक्रारदाराचं नाव म्हणून पहिला रकाना होता, तो मी न विचारताच काकांच्या नावानं भरला. व्हरांड्यात रेंज नव्हती म्हणून एका छत्रीत स्टँडपर्यंत चालत गेलो. दोन काड्या रेंज आली तसं मी बटणावर बोट नेलं. काकांनी माझा हात धरला.

"थांब. नवाच्या नऊ वाचून दाखव आधी."

मी भिजत उभी राहून नऊच्या नऊ वजनं वाचली. सातव्या गाडीच्या वजनात मी वीस किलो जास्त टाकले होते. ते दुरुस्त केलं आणि पाठवलं.