राणीच्या लेकीचा हक्क

लोहाऱ्यात माझं साड्यांचं दुकान आहे. नवरा गेल्यावर मी साड्यांचे गठ्ठे घेऊन मिळेल त्या जीपनं आठवडी बाजार गाठायचे. त्यातून हे दुकान उभं राहिलं. यात कुणाचा एक खिळासुद्धा नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं सगळं या दुकानावरूनच झालं.

मला दोन मुलं. मुलगा पुण्यात नोकरीला, मुलगी माझ्यासोबत गल्ल्यावर. दुकान मुलाच्या नावे करायचं मी ठरवलं होतं. वकील म्हणाले, दुकान तुमच्या कमाईचं आहे, कुणालाही द्या. पण मुलीची संमतीची सही घेऊन ठेवलीत तर पुढं कटकट राहणार नाही. कागद तयार होऊन आला आणि कपाटाच्या खालच्या खणात पडून राहिला. मुलीला मी काही बोलले नव्हते.

त्याच उन्हाळ्यात मुलानं नवा लॅपटॉप घेतला आणि जुना घरी पाठवला. त्यात जुन्या काळच्या राजांचा एक खेळ होता. उन्हाळ्यात दुपारी लोहाऱ्याच्या बाजारात चिटपाखरू फिरकत नाही. मुलगी खेळत बसायची आणि मी नावं ठेवायचे. महिन्याभरात मीच खेळायला लागले. इंग्रजी मला बिलापुरतं येतं. तिनं खुणा शिकवल्या. मुकुट दिसला की वारस, अंगठी दिसली की सोयरीक, आणि कवटी दिसली की माणूस जायला टेकलंय.

या खेळात तुम्ही एकटा राजा नसता, अख्खं घराणं असता. राजा मेला की त्याच्या वारसाच्या अंगात तुम्ही शिरता. घराण्याच्या नावाचा वारस उरला नाही की खेळ संपला.

माझा पहिला डाव तिसऱ्या पिढीतच संपला. राजाला एकुलती मुलगी होती. मी तिला आमच्या दुप्पट मुलूख असलेल्या राजाच्या घरी दिली आणि काय सोयरीक जमवली म्हणून खूश झाले. राजा गेला, मुलगी गादीवर आली, तिला मुलगा झाला, पुढं तीही गेली. आणि स्क्रीनवर डाव संपल्याची पाटी. मी भडकले. नातू जिवंत आहे, गादीवर बसलाय, मग घराणं संपलं कसं?

"नातू आपला न्हाय ना. त्याला बापाचं नाव लागलं," मुलगी म्हणाली. मग तिनं दाखवलं, लग्न ठरवताना एक चौकोन येतो. त्यावर खूण केली की जावई आपल्याकडं राहायला येतो आणि पोरांना आपलं नाव लागतं.

"म्हणजे घरजावई," मी म्हणाले. "हे आधी सांगायला काय झालं होतं?"

तिथून माझा हात बसला. मोठे राजे घरजावई करायला पोरगं देत नाहीत, तोंडावर नकार देतात. मी तिसरी-चौथी पोरं शोधायचे, ज्यांच्या वाट्याला बापाचं काहीच येणार नाही अशी. त्यांचे बाप पटकन तयार व्हायचे. बदल्यात मी लढाईला साथ द्यायचं कबूल करायचे, आणि लढाई आली की जरा उशिरा पोचायचे.

वाट्याला काही न येणाऱ्या माणसाची किंमत काय असते, ते मला चांगलं ठाऊक आहे. वडील गेल्यावर महिन्याभरानं माझा धाकटा भाऊ दुकानात आला होता. अणदूरजवळ वडिलांची विहिरीखालची जमीन आहे, तिच्यात माझाही वाटा होता. त्यानं साड्या काढायला लावल्या. मला वाटलं, भावजयीसाठी असेल. एक पसंत करून तो घासाघीस करायला लागला, तेव्हा भाऊ म्हणून मी माझ्या खरेदीच्या भावात दिली, वर फॉल-पिको फुकट. पुढच्या आठवड्यात त्यानं मला तुळजापूरला रजिस्ट्रीत बोलावलं. माझी हक्कसोडपत्रावर सही घेतली आणि बाहेर चहाच्या टपरीपाशी तीच साडी माझ्या हातावर ठेवली.

"अक्का, माहेरची साडी," म्हणाला.

त्यानं सरळ सही मागितली असती तर मी कदाचित दिलीही असती. पण माझीच साडी, माझ्याच भावात! त्यानंतर मी त्याच्या घरचं पाणी प्यायले नाही. ती साडी दुकानात टांगलेली आहे. गिऱ्हाईक भाव विचारतं, मी विकत नाही. का, ते मुलीला माहीत आहे.

तर घराणं मी नवव्या पिढीपर्यंत ओढत आणलं. गादीवर राणी होती. तिची थोरली मुलगी हुशार, पाठचा मुलगा मठ्ठ. कायदा असा की राणी गेली की मुलूख दोघांत वाटला जाणार, आणि शेजारचा राजा एकेक तुकडा गिळायला टपलेला. कुणातरी एकाचा हक्क काढायला हवा होता. त्याला घराण्याचा मान खर्ची पडतो, पिढ्यान्‌पिढ्या साठवलेला. मी मुलीच्या चित्रावर गेले आणि बटण दाबलं. मुलाच्या पोरांना आपसूक नाव लागतं, घरजावई शोधायची दगदग नाही, एवढाच विचार केला. क्षणभरही थांबले नाही.

मुलगी शेजारी साड्यांच्या घड्या घालत होती. तिनं स्क्रीनकडं पाहिलं.

"हिला साडी कुठली देणार?"

मी चिडले. खेळ आहे हा, म्हणाले, मुलूख वाचवायचा तर एकाला वगळावंच लागतं.

"मामा बी असंच म्हणला असंल." ती घडी घालतच होती. "खणातला कागद वाचलाय मी, आई. झाडताना सापडला. सही पायजे तर सरळ माग. फक्त साडी देऊ नको."

मी बाजारात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्या दुपारी तिचं ऐकलं. मी राणीच्या मुलीला हक्क परत द्यायला गेले, तर त्यालाही मान लागत होता आणि तेवढा उरलाच नव्हता. तो साठायला एक पिढी तरी जाईल, असं मुलीनंच शांतपणे सांगितलं.

राणीच्या चित्राशेजारी आता कवटी आली आहे. डाव मी तिथंच थांबवून ठेवलाय. सही मागितलेली नाही, आणि कागद अजून खणातच आहे. दोनदा बाहेर काढून परत ठेवला. परवा पुण्याहून मुलाचा फोन आला, कागदाचं कुठवर आलं म्हणून.

मी अजून जिवंत आहे, म्हणाले, आणि फोन ठेवला.