आधी कान, मग अंगठा

पक्षकाराचा शाई लावलेला अंगठा सर हवेतच धरून ठेवायचे. "आधी कान, मग अंगठा," म्हणायचे आणि सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे. तोवर बिचाऱ्याचा हात त्यांच्या मुठीत. शाई वाळली तर पुन्हा लावायची, पण वाचन सुटायचं नाही. वकिलांची घाई तुम्ही पाहिलीच असेल. गुलमंडीत कापडदुकानाच्या वर असलेल्या आमच्या ऑफिसात ती चालत नसे.

मी त्यांचा ज्युनियर. एकदा अजिंठ्याकडचा एक पक्षकार वैतागून म्हणाला, "सायेब, तुमच्यावर इस्वास हाय, लावू द्या की."

"विश्वास ठेवायला आलास का दावा चालवायला?" सर म्हणाले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून सुरू झाले. मला हसू आवरेना.

ती दुष्काळाची वर्षं. शहर चहूकडे पसरत होतं आणि नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं. नळ आला की भलेभले काम टाकून घराकडे पळायचे. अशाच एका दुपारी बायपासजवळच्या गावची एक म्हातारी ऑफिसात आली. दिराशी जमिनीच्या वाटणीचा दावा होता, त्यात तडजोड ठरली होती आणि तिला कागदावर अंगठा द्यायचा होता. तेवढ्यात माझ्या घरून नळ आल्याचा फोन आला.

"जा, हंडे भर. हिचं मी बघतो," सर म्हणाले.

त्या कागदानं म्हातारीची विहीर दिराच्या वाट्याला गेली. दिरानं जमीन प्लॉटिंगवाल्याला विकली आणि विहिरीला तारेचं कुंपण पडलं. कागद वाचून दाखवला नाही, अशी तक्रार म्हातारीनं सरांविरुद्ध वकील परिषदेकडे केली. मला जिन्यात गाठून म्हणाली, "पान्याचं नाव जरी काढलं आसतं, तर म्या अंगठा दिला आसता व्हय?" मला तिचा रागच आला.

सरांनी मला विचारलं, "तू होतास ना त्या दिवशी?"

"होतो, सर," मी म्हणालो. नव्हतो, हे दोघांनाही ठाऊक होतं. पण शेकडो वेळा डोळ्यांनी पाहिलेलं वाचन त्या दिवशीच कसं चुकेल? 'वाचन माझ्यासमक्ष झाले' असं शपथपत्र सरांनी टाइप करून समोर ठेवलं आणि मी न वाचता सही केली. तेव्हा त्यांनी माझा हात धरला नाही.

तरीही परिषदेच्या शिस्त समितीनं त्यांची वकिलीची सनद वर्षभरासाठी निलंबित केली. सर हायकोर्टात गेले. त्यांनी कागद वाचला होता की नाही, यात हायकोर्ट शिरलंच नाही. समितीनं म्हातारीची उलटतपासणी घेऊ दिली नव्हती, तेवढ्यावर निर्णय रद्द झाला आणि प्रकरण नव्यानं सुनावणीला गेलं. मी पेढे आणले.

पेढा हातात धरून सर खिडकीबाहेर बघत बसले. मग म्हणाले, "वाचलं नव्हतं रे. तू गेलास आणि माझ्याही घरून नळाचा फोन आला."

ज्या माणसाकडून मी वकिली शिकलो, त्यानं मला खोटी शपथ घेऊ दिली होती. आणि त्याच्या भरवशावर मी त्या म्हातारीला खोटं पाडलं होतं. चार हंड्यांपायी तिची विहीर गेली. त्या दिवशी मला सरांची किळस आली, हे आज लपवत नाही.

दुसऱ्या दिवशी शपथपत्र मागे घेण्याचा अर्ज लिहून मी त्यांच्यासमोर ठेवला. पेन उघडलं, तर त्यांनी माझं मनगट धरलं. चष्मा चढवला आणि अर्ज मोठ्यानं वाचला. 'मी त्या वेळी तेथे हजर नव्हतो' या ओळीवरही आवाज अडखळला नाही.

"ऐकलंस? आता कर सही."

नव्या सुनावणीत त्यांनी म्हातारीला एकही प्रश्न विचारला नाही. सनद पुन्हा वर्षभरासाठी गेली. वर्ष सरल्यावरही ते कोर्टाकडे फिरकले नाहीत. आता ऑफिसाच्या जागी खालच्या दुकानाचं गोदाम आहे. विहीर कुंपणातच राहिली.

माझा अर्ज सहा ओळींचा होता. वाचायला त्यांना मिनिटभरही लागलं नाही. म्हातारीचा कागद दीड पानाचा होता.