नळीचा होकार

अकोल्यात लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात मी डॉक्टर आहे. तिथे आमच्या औषधांपेक्षा एक समजूत जास्त चालते: नळी टाकली की लेकरू गेलं. लोक नळी टाकू देतात तोवर लेकरू अर्धं गेलेलंच असतं, म्हणून ही समजूत वारंवार खरी ठरते.

बाळापूरकडच्या एका खेड्यातून न्यूमोनिया झालेली लहान मुलगी आली. पोट उडत होतं, दर श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. मी बापाला सांगितलं, ही दमत चालली आहे, श्वासनळीत नळी घालून मशीनवर घेऊ, आत्ताच.

"मोठ्या बाबाले इचारून सांगतो," तो म्हणाला. मोठे बाबा म्हणजे त्याचा थोरला भाऊ, घरात पान हलतं ते त्याच्या हुकमाने. तो तिवश्याला आपल्या मुलासाठी मुलगी पाहायला गेला होता. फोनवरचा त्याचा आवाज मलाही ऐकू आला. "मी आल्याबिगर नळी टाकू देऊ नको. निघतोच मी."

न विचारता घालायची ना, असं म्हणणं सोपं आहे. गेल्या उन्हाळ्यात अशाच नळीपायी आमच्या एका शिकाऊ डॉक्टरचं मनगट नातेवाइकांनी मोडलं होतं. तेव्हापासून होकाराशिवाय हात लावायचा नाही, असा वरचा हुकूम होता. मी मास्कने ऑक्सिजन देत राहिले आणि बापाशी भांडत राहिले.

"म्याडम, उगाच भेव नका दाखवू," तो म्हणाला.

दुपारी मुलगी रडायची थांबली. कण्हणंही थांबलं. मान आईच्या हातावर सैल पडली आणि आई हसली. "निजली माही बाई. आराम पडला." बापाने लगेच तसा फोन केला. मोठे बाबा अमरावतीच्या स्टँडवरूनच परत तिवश्याला, सोयरिकीची मुलगी पाहायला फिरले.

ती झोपली नव्हती. श्वास घेण्याची ताकद संपली होती. मी तिला आईच्या हातातून हिसकावून घेतलं आणि नळी घातली. पहिल्याच प्रयत्नात बसली, छाती दोन्ही बाजूंनी छान वर आली. पण हृदय थांबत आलं होतं, ते थांबलं. आम्ही छाती दाबत राहिलो, औषधं दिली. ते परत सुरू झालं नाही.

बापाने नळीकडे पाहिलं. "मोठे बाबा बरोबर सांगत होते," तो म्हणाला. त्याच्या कानाखाली जाळ काढावा असं मला वाटलं. आजही वाटतं.

शेजारच्या खाटेवर तसंच पोट उडणारा एक मुलगा होता. लागली तर नळी टाका, असं त्याच्या आईने सकाळीच सांगितलं होतं. मी वळले तर ती पिशवीत कपडे भरत होती. तिने सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"आमी याले घरी नेतो," ती म्हणाली.