काळी पडलेली प्लेट

सुमनताईंच्या हाताच्या जखमेतून पुन्हा पाणी वाहत होतं, आणि कल्चर रिपोर्ट तिसऱ्यांदा ‘निल’ आला होता. म्हणजे जखमेत जंतू नाहीत.

सत्त्याण्णव साल. मी मध्य प्रदेशात, धारच्या एका खासगी हॉस्पिटलात हाडांचा डॉक्टर होतो. सुमनताई गंधवानीच्या सरकारी शाळेत शिकवायच्या. बसमधून उतरताना पडून त्यांचा हात मोडला. प्लेट आणि सहा स्क्रू घालून मीच तो जोडला होता. आठ महिन्यांत हाड छान जुळलं. जखम मात्र भरेना.

“ड्रेसिंग ओलं करता ना तुम्ही?” मी चिडूनच विचारलं.

“पाण्याला हात लावूच देत नाहीत मला,” त्या म्हणाल्या. “सासूबाईंनी ताट वेगळं केलंय. देवघरात बंदी. म्हणतात, हिच्या आत काहीतरी सडलंय.” मग खाली बघत म्हणाल्या, “वर्गातली मुलंपण लांब बसतात, डॉक्टर.”

मी काय केलं? अँटिबायोटिक बदललं आणि स्वच्छतेवर भाषण दिलं. आज आठवलं की स्वतःचाच राग येतो.

शेवटी प्लेट काढायची ठरवली. हात उघडला तर पू नाहीच. प्लेटभोवतीचं मांस काजळ फासल्यासारखं काळं. स्क्रूच्या डोक्यांशी तांबूस थर.

“सर, ये तो जंग है!” सिस्टर म्हणाली. जंग, म्हणजे गंज.

धुतलेली प्लेट घेऊन मी ऑफिसात गेलो आणि नोटीस बोर्डावरचं लोहचुंबक तिच्याजवळ धरलं. खटकन चिकटलं. शरीरात घालायचं स्टील चुंबकाला चिकटत नाही. हे मला ठाऊक होतं. पण ऑपरेशनच्या आधी चुंबक धरून बघायचं माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं.

देवासला एका कारखान्यात माझा मावसभाऊ मेटलर्जिस्ट होता. रविवारी प्लेट त्याच्याकडे नेली. त्याने लॅबमध्ये तपासून दुपारी सांगितलं, “भिया, याच्यापेक्षा माझ्या किचनचं सिंक बरं.”

त्याने समजावलं ते असं. आपल्या अंगातलं पाणी खारट असतं. चांगल्या स्टीलवर एक पातळ थर तयार होतो, तो धातूला त्या खारेपणापासून वाचवतो. हलक्या स्टीलवर तो थर टिकत नाही. धातू झिजतो, त्याचे बारीक कण मांसात उतरतात. शरीर ते कण गिळायला बघतं, ते गिळले जात नाहीत, म्हणून तिथे सूज राहते आणि पाणी सुटत राहतं. त्यासाठी जंतू लागतच नाहीत. बाईंचं शरीर आपलं काम चोख करत होतं. आणि आम्ही त्यांनाच अस्वच्छ ठरवत होतो!

सोमवारी रिपोर्ट हॉस्पिटलच्या डायरेक्टरसाहेबांच्या टेबलावर ठेवला. “सर, प्लेटांचा हा सगळा लॉट असाच असणार. ज्यांना ज्यांना घातलाय त्यांना बोलवायला हवं.”

“सप्लायर बदलू आपण,” ते शांतपणे म्हणाले. “पण लेखी काही नको. लोक उगाच घाबरतील.”

“घाबरू देत ना सर! ते लोखंड त्यांच्या हाडांवर बसलंय, आपल्या नाही.”

“डॉक्टर, आवाज खाली.”

आवाज काही खाली गेला नाही. बाहेरच्या पेशंटनीही ऐकला असणार. मग मी ऑपरेशन रजिस्टर काढलं आणि त्या लॉटच्या अकरा जणांना स्वतःच्या हाताने पोस्टकार्डं लिहिली. सात जण आले. त्यातल्या तिघांच्या जखमा वाहत होत्या, आणि तिघांनाही घरच्यांनी पथ्य न पाळल्याबद्दल झापलेलं होतं. चौघांचा पत्ता आजतागायत लागला नाही.

सुमनताईंची जखम तीन आठवड्यांत भरली. त्यांच्या सासूबाईंना मी दवाखान्यात बोलावलं, काळी प्लेट त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “सडलं होतं ते हे. आणि ते मी घातलं होतं.” त्यांनी प्लेट उलटसुलट करून टेबलावर ठेवली. मग शेजारी उभ्या असलेल्या सुनेला म्हणाल्या, “चल गं, घरी चल.”

पुढच्या महिन्यात डायरेक्टरसाहेबांनी माझा करार वाढवला नाही. मी देवासला आलो.

एवढंच शिकलो: रिपोर्ट निर्दोष आला की पेशंटवर संशय घेण्याआधी, आपण त्याच्या अंगात काय घातलंय ते तपासावं.