उंदराचं कोरड्यास

“उंदीर नुसत्या भाकरीवर माजलाय म्हनं! मंग पोरींना डाळ कशाला? आसं म्हंत्यात मोठ्या बाई.”

बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात आमची स्वयंपाकीण सखूबाई भाजीवालीला सांगत होती. मी दाराआड होते. ऐकलं — आणि गुपचूप वर्गावर गेले. का गेले, हे मी आईलासुद्धा सांगितलेलं नाही.

मोठ्या बाईंनी पुण्याहून दोन पांढरे उंदीर आणले होते. ज्वारीच्या प्रोटीनमध्ये एखादं अमायनो अ‍ॅसिड कमी पडतं, डाळ ती उणीव भरून काढते — असं पुस्तकात होतं. बाईंना ते डोळ्यांनी बघायचं होतं. एका उंदराला भाकरी आणि डाळ, दुसऱ्याला नुसती भाकरी. वाढणं आणि दर शनिवारी वजन करणं माझ्याकडे. शाळेतली सगळ्यांत नवी शिक्षिका मी, आणि सगळ्यांत कमी बोलणारी — म्हणजे विश्वासूच, नाही का?

पण तो दुसरा उंदीर माझ्याकडे बघायचा. आमच्या घरी दारात आलेल्या अनोळखी माणसालाही कोरड्यासाशिवाय भाकरी देत नाहीत. मी — कसं सांगू — रुमालातून झुणका नेला. पहिल्या दिवशी सुपारीएवढा. मग लिंबाएवढा. झुणका सखूबाईच्या हातचा, तिखटजाळ; उंदीर खायचा आणि वाटीभर पाणी प्यायचा. बाईंनी वहीत लिहिलं, ‘उन्हाळ्यामुळे तहान’.

महिन्याभरात तो डाळवाल्याहून जाड झाला. पुस्तक हरलं, सोलापूरची ज्वारी जिंकली! तेव्हा बोलता आलं नसतं का? मी वजनाचा आकडा सुवाच्य अक्षरात लिहून दिला.

सोमवारपासून मुलींची डाळ बंद झाली. केम गावची एक चिमुरडी भाकरी पाण्यात बुडवून गिळायची. शिक्षिकांच्या ताटात मात्र आमटी होती. मी ती खात होते — आठ दिवस. एकदा तर पुन्हा मागून घेतली.

नवव्या दिवशी बाई पिंजरा घेऊन जेवणघरात आल्या. मुलींनो, ह्याच्याकडून शिका, म्हणाल्या. माझं सगळं शिक्षण इंग्रजी शाळेतलं. कबुलीचं वाक्यही मी इंग्रजीतच घोकून ठेवलं होतं. उभी राहिले, तर त्यातला एकही शब्द आठवेना. उंदीर माझा रुमाल बघून गजांवर चढला होता.

“बाई, त्याला झुणका मी घालत होते,” मी म्हणाले. “दोन्ही वेळा.”