घोडीला इचारलं का?

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे घोडीला फोटोसाठी उभं करणं. तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात मी लगाम धरला होता आणि आमची कारभारीण स्वतःच्या फणीनं घोडीची आयाळ विंचरत होती. माझं डोकं तिनं पन्नास वर्षांत कधी विंचरलं नाही.

माणसाच्या तोंडाकडं ती नंतर बघायची, आधी त्याच्या घोड्याच्या पायाकडं. लेकीला बघायला पाहुणे आले, तर त्यांच्या घोडीचे खूर वाढलेले. ही आतूनच म्हणाली, "मुक्या जीवाची नखं काडाया ज्यांना सवड न्हाय, ते माज्या पोरीचं काय बगत्याल?" मी लई चिडलो. पुढं तिचंच खरं निघालं, पण ते मी तिला सांगितलं नाही.

काहीही ठरवायचं म्हटलं की तिचं एकच, "घोडीला इचारलं का?" मेंढरांमागं फिरायचो तेव्हा अख्खा संसार घोडीच्या पाठीवर. भांडी, घोंगडी, कोंबड्या, वर कालचं जन्मलेलं कोकरू. मुक्काम मी ठरवायचो. पडायचा मात्र घोडी थांबेल तिथं.

आता गुडघे गेले, मेंढरं विकली. घोडी कशाला उगाच सांभाळायची, म्हणून सोलापुरातल्या एका वरातीच्या घोडेवाल्याला मी शब्द दिला. "बँडम्होरं नाचवत्याल तिला," म्हणाली आणि दोन दिवस अबोला. मग कुठनं तरी ऐकून आली, सरकारनं आपली भीमथडी घोडी वेगळी जात म्हणून धरली, अस्सल शिंगरं वाढावीत म्हणून नोंदी चालल्यात. "आदी नोंद हू द्या. मग बगू इकायचं."

दवाखान्यातले साहेब तरणे, पण गुणी. घोडीची उंची मोजली, मानेत तांदळाएवढी चिप घातली. म्हणाले, उंच परजातीचा घोडा दिसला म्हणून घोडी त्याला लावू नका, शिंगरांची जात बिघडते.

"म्हंजी आमच्या वझं व्हाणाऱ्या तट्टाला बी जात हाय म्हना की!" ही खूश.

"नाव?" साहेबांनी कागद पुढं ओढला.

"सुंद्राबाई."

फॉर्म भरून झाल्यावर कळलं, साहेबांनी घोडीचं नाव विचारलं होतं, हिनं स्वतःचं सांगितलं. ते खोडायला निघाले, तर हिनं हात धरला. "ऱ्हाऊ द्या, सायेब. ह्येंनी मला जलमभर 'अगं' म्हनूनच हाक मारली. आता घोडीला तरी नावानं बोलवत्याल."

"लाज न्हाय का तुला?" मी म्हणालो. ती वाटभर हसत होती.

घरी आलो. चहा टाकते म्हणून चुलीपाशी बसली, ती उठलीच नाही. दिवस मावळायच्या आत माती दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घोडेवाला टेंपो घेऊन दारात. त्याला बिचाऱ्याला काय ठाऊक. पाव्हणे म्हणाले, शब्द दिलाय, मोडू नका. मी घोडीच्या छपराकडं तोंड करून हाक मारली, "सुंद्राबाई!" जन्मात पहिल्यांदा. घोडीनं कान टवकारले, माझ्याकडं बघितलं आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं.

"इचारलं," मी घोडेवाल्याला म्हणालो. "न्हाय म्हनती."

तो टेंपो वळवत होता, तोवर मी फणी शोधायला आत गेलो.